ब्रेकधूळ आणि मॅगव्हीलची निगा : गेवराई परिसर

मोटारीचा ब्रेक दाबला की पॅड फिरत्या डिस्कवर घासतो आणि दोन्हींची झीज होते. त्या झिजेतून सुटणारी काळपट पूड म्हणजे ब्रेकधूळ. डिस्क बिडाची असते. पॅडमध्ये राळ, धातूचे तंतू, ग्राफाइट आणि खनिज भुकटी दाबून बसवलेली असते. त्यामुळे या पुडीत लोखंडाचा वाटा मोठा असतो आणि साध्या धुळीपेक्षा तिचे वागणे वेगळे ठरते. कण सुटताना तापलेले असतात. ते मॅगव्हीलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चाकाच्या, पारदर्शक लॅकरला चिकटून बसतात आणि ओल मिळाली की गंजतात. पांढऱ्या किंवा चंदेरी चाकावर दिसणारे नारिंगी ठिपके या गंजाचेच असतात. ब्रेक लागताना गाडीचा भार पुढे येतो, म्हणून पुढची चाके जास्त काळवंडतात. लहान मोटारींना मागे बहुधा ड्रम ब्रेक असतो आणि त्याची धूळ बरीचशी आतच राहते.

गेवराई हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग क्र. 52 वर आहे. अहिल्यानगर–पाथर्डीकडून माजलगाव, परभणी, नांदेडकडे जाणारा महामार्ग क्र. 61 त्याला याच तालुक्यात, पाडळसिंगी–गढी भागात मिळतो. सपाट चौपदरी रस्त्यावर ब्रेक क्वचितच लागतो. धूळ साचते ती टोलनाक्यावर, बाजारातल्या गर्दीत आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडताना. दक्षिणेला मांजरसुंब्याचा घाट आणि उत्तरेला कन्नडचा औट्रम घाट उतरताना ती सर्वांत जास्त सुटते. घाट खालच्या गियरमध्ये उतरवला तर इंजिनच गाडीला आवरते, पॅड कमी झिजतात आणि चाकेही स्वच्छ राहतात. धूळ कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

गेवराईतल्या चाकावर मात्र नुसती ब्रेकधूळ नसते. गोदाकाठची काळी माती ओली झाली की फुगते, चिकटते आणि वाळली की दगडासारखी घट्ट होते. रिमच्या आतल्या बाजूला तिचा गोळा राहिला तर चाकाचा तोल बिघडतो आणि वेगात स्टिअरिंग थरथरते. अशा वेळी अलाइनमेंटवर पैसे घालण्याआधी चाक आतून धुऊन पाहावे. तिसरा घटक म्हणजे बोअरचे जड पाणी. त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पाणी सुकल्यावर पांढरे डाग बनून उरतात. माती पाण्याने भिजते, गंजलेले लोखंड रसायनाने सुटते आणि क्षार सौम्य आम्लाने विरघळतात. तिन्हींना एकच फडके घासत बसणे हीच चाक खराब होण्याची मुख्य वाट आहे, कारण माती आणि लोहकण लॅकरवर पॉलिश पेपरसारखे चालतात.

धुण्याआधी चाक हाताला गार लागले पाहिजे. तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी मारल्यास ती वाकण्याचा धोका असतो, आणि गरम चाकावर रसायन लगेच सुकून डाग पडतो. गाडी सावलीत घ्यावी आणि माती आधी भिजवून पाण्यानेच उतरवावी. मग आम्ल वा अल्कली नसलेला कार शाम्पू आणि मऊ ब्रश वापरावा. नटांच्या खोबणी व आतली बाजू विसरू नये. चाकाची बादली आणि फडके बॉडीसाठी वापरू नये. एवढ्याने न निघणाऱ्या ठिपक्यांवर लोह विरघळवणारा क्लीनर फवारतात. त्यात अमोनियम किंवा सोडियम थायोग्लायकोलेट असते. लोखंडाशी संयोग होताच ते जांभळे होते आणि गंधकाचा उग्र वास येतो. हातमोजे घालून, मोकळ्या हवेत, डब्यावर दिलेल्या वेळेपुरतेच ते ठेवावे आणि सुकण्याआधी धुवावे. शेवटी मायक्रोफायबरने लगेच टिपावे, म्हणजे क्षारांना बसायला वेळ मिळत नाही. जुन्या पांढऱ्या डागांवर पाणी घातलेले व्हिनेगर थोडा वेळ लावून धुतले तरी चालते.

संडास साफ करायचे आम्ल चाकावर ओतण्याची सवय घातक आहे. ते क्षणात चमक देते, पण खडा लागून लॅकर उडालेल्या जागी थेट ॲल्युमिनियम खाते. मग लॅकरखाली पांढरट धागे पसरतात आणि ते कोणत्याही धुण्याने जात नाहीत. कॉस्टिक सोडाही उघड्या ॲल्युमिनियमला तसाच मारक आहे. डिझेलचा पोचारा टायरच्या रबराला अपाय करतो, मागे तेलकट थर ठेवतो आणि डिस्कवर गेला तर ब्रेकची पकड घालवतो. सुकी ब्रेकधूळ हवेच्या नळीने उडवणेही टाळावे. ती श्वासात जाते, आणि जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते.

स्वच्छ, कोरड्या चाकावर संरक्षक थर द्यावा. कार्नोबा मेण उष्णतेत लवकर उतरते, पॉलिमर सीलंट काही महिने टिकते, आणि सिरॅमिक कोटिंग सर्वांत टिकाऊ पण खर्चिक असते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सीलंट हा मधला, समंजस पर्याय वाटतो. यातले काहीही, आणि टायर पॉलिशही, डिस्कला लागू देऊ नये. थर असला की धूळ रुतत नाही आणि बादलीभर पाण्यात काम होते. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथे हाच या थराचा खरा फायदा. जायकवाडी धरणाचा उजवा कालवा तालुक्यातून जातो, म्हणून लगेच गाडी धुवायला त्यात उतरवू नये. तेच पाणी पुढे शेतात आणि गोठ्यात जाते. धुतल्यावर गाडी हळू चालवून दोन-तीनदा ब्रेक दाबावा, म्हणजे डिस्क वाळते. रात्रीतून तिच्यावर आलेला पातळ गंज पहिल्या काही ब्रेकांतच निघून जातो.

ब्रेकधुळीची दखल आता कायद्यानेही घेतली आहे. युरोपीय संघाने 2024 च्या युरो 7 या वाहन-उत्सर्जन नियमांत ब्रेकमधून सुटणाऱ्या कणांवर प्रथमच मर्यादा घातली : बहुतेक मोटारींसाठी किलोमीटरमागे 7 मिलिग्रॅम, केवळ बॅटरीवर चालणाऱ्यांसाठी 3. विजेच्या गाडीत वेग कमी करण्याचे बरेच काम मोटरच करते, त्यामुळे तिच्या चाकांवर ही काळी पूड मुळातच कमी दिसते.