बर्फातल्या गावाचे म्हातारपण



संघटनेच्या कामात आमची उमर गेली. नोकरीत असता औषधासाठी हक्काने भांडणारा कामगार निवृत्त झाला की आपले दुखणे लपवू लागतो, हे आम्ही वारंवार पाहिले. मुलाच्या संसारावर भार नको, हे त्यामागचे कारण. म्हणून आज एका जपानी गावाचा इतिहास सांगावयाचा आहे.

सावाउची हे ईशान्य जपानातील इवाते प्रांतातले डोंगरी गाव. हिवाळ्यात माणसाहून उंच बर्फ साचे, रस्ते बंद होत. गरिबी मोठी. तान्ही मुले फार दगावत. म्हाताऱ्याला डॉक्टर भेटे तो बहुधा मृत्यूच्या दाखल्यापुरता.

१९५७ साली फुकासावा मासाओ गावप्रमुख झाले. त्यांनी बुलडोझर आणून हिवाळ्यातही रस्ता खुला ठेवला. आरोग्यसेविका घरोघर पाठविल्या. मग डिसेंबर १९६० मध्ये ६५ वर्षांवरील माणसांचा औषधोपचार गावाने मोफत केला. १९६१ मध्ये ही वयोमर्यादा ६० वर आणली व वर्षाखालील बालकांनाही तोच हक्क दिला. हे विम्याच्या कायद्यात बसत नाही, अशी वरून हरकत आली. कायद्यात नसेल, पण राज्यघटनेत बसते, हे फुकासावांचे उत्तर. निरोगी जीवनाचा किमान हक्क त्या घटनेच्या २५ व्या कलमात आहे. १९६२ साली गावात एकही तान्हे मूल दगावले नाही.

१९७३ पासून साऱ्या जपानात ७० वर्षांवरील वृद्धांना उपचार मोफत झाले. परंतु रुग्णालये वृद्धांनी भरली, खर्च फुगला आणि १९८३ पासून पुन्हा शुल्क आले. आमच्या मते यातला धडा असा : सावाउचीत फुकट औषधाच्या जोडीला मोकळा रस्ता होता आणि दारी येणारी सेविका होती. देशाने औषध उचलले. दारी जाण्याचे काम मागे राहिले.

आपल्याकडे २०२४ साली ७० वर्षांवरील सर्वांना रुग्णालयातील उपचारांसाठी वर्षाला पाच लाखांपर्यंत विमा मिळाला. त्याचे स्वागतच आहे. पण तो कामी येतो माणूस खाटेवर पडल्यावर. खाटेवर पडू नये म्हणून चाळीचा जिना चढून रक्तदाब पाहणारे कोणी हवे, गुडघा धरला तर वेळीच सांगणारे कोणी हवे.

ती मागणी आपण करावयाची आहे, आणि भीक म्हणून नव्हे. ज्याने चाळीस वर्षे घाम गाळला, त्याला आपले दुखणे लपवावे लागू नये, एवढेच आमचे म्हणणे.