डॉक्टरांचें परीक्षेनंतरचें शिक्षण

वैद्यकाची परीक्षा उतरलेल्या मनुष्यास पुढें नवें ज्ञान कोठून मिळावें, हा प्रश्न मुंबईंत जुना आहे. भायखळ्याचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं स्थापन झालें व १८५१ सालीं त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. डॉ. भाऊ दाजी लाड त्यांतलेच. कुष्ठरोगावर त्यांनीं कडू कवठाच्या बियांचें तेल योजिलें. परंतु औषधांत काय आहे, हें बराच काळ उघड केलें नाहीं. त्यावर टीका झाली. भाऊंविषयीं मला नितांत आदर आहे, तरी ती टीका अस्थानीं होती असें म्हणवत नाहीं. जें गुप्त राहतें तें दुसऱ्या वैद्यास पडताळतां कसें येणार? आणि १८७४ सालीं तर भाऊच निवर्तले.

परळांत १९२६ सालीं सेठ गो. सुं. मेडिकल कॉलेज व के. ई. एम. रुग्णालय सुरू झालीं. तेथील अध्यापकांच्या संघानें १९५५ सालीं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हें नियतकालिक काढलें. पूर्वीं तें वाचावयास ग्रंथालय गांठावें लागे. आतां त्याचे अंक इंटरनेटवर कोणासही विनामूल्य वाचतां येतात. माझा एक जुना विद्यार्थी कोकणांत दवाखाना चालवितो. दिवसा एखादा अडचणीचा रोगी येऊन गेला, कीं रात्रीं तो असले लेख उघडून बसतो. भाषा मात्र सारी इंग्रजी. त्याच्या कंपाउंडरास त्यांतलें अक्षर कळत नाहीं, आणि रोग्याच्या जखमेस पट्टी तर तोच बांधतो.