हिरमुसल्या मुलाचा देव

मोठ्या माणसाचे दुःख पाहिले की आपण गप्प बसतो. लहान मुलाचे पाहिले की हसतो. जत्रेला नेईन म्हणालेला बाप आयत्या वेळी नाही म्हणतो, वर्गातला पहिला नंबर शेजारच्या पोराला मिळतो, आणि पोर कोपऱ्यात तोंड लपवून बसते. त्याच्या लेखी जग बुडालेले असते. धर्माची खरी परीक्षा अशा वेळी होते, असे मला वाटते. पंडितांच्या सभेत जिंकलेला सिद्धान्त हिरमुसल्या मुलापुढे काय कामाचा? आपल्या मुलुखातल्या ख्रिस्ती धर्माला मी हाच प्रश्न विचारून पाहणार आहे, आणि त्यासाठी वाशीमचे उदाहरण घेणार आहे.

वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इंग्रजी अमलात बासीम या नावाने तो स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडला आणि १९९८ साली पुन्हा उभा राहिला. बालाजीच्या या गावात प्रथम मेथॉडिस्ट मिशन आले, आणि पुढे ते काम नाझरीन मंडळीकडे गेले. १९३६ साली ऑर्फा स्पायकर या अमेरिकन डॉक्टरीणबाई हिंदुस्थानात आल्या. १९३८ साली वाशीमला एका जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांनी रेनल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले आणि सुमारे चार दशके ते वाढवले.

दवाखान्याने मुलाचा ताप उतरतो. पण आजारापायी ज्याचे वर्ष बुडाले, त्याच्या मनाचे काय? तिथे औषध चालत नाही, शब्द लागतात. आणि ते परक्या भाषेतले असून भागत नाही. मराठी मंडळ्यांना हे शब्द सातासमुद्रापलीकडून आणावे लागले नाहीत. ते त्यांना रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी दिले.

पण टिळकांचे नाव घेतले की आधी एक अवघड हिशेब पुरा करावा लागतो. १८९५ साली त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचा दत्तू अवघा तीन-चार वर्षांचा होता. बाप धर्मांतर करून गेला आणि लक्ष्मीबाई मुलाला घेऊन आप्तांच्या आश्रयाला राहिल्या. पुढे समेट झाला, १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. पण मधली वर्षे काही कोणी त्या मुलाला परत दिली नाहीत. ज्या श्रद्धेने पुढे कित्येक मुलांचे डोळे पुसले, तिने आधी या एका मुलाला रडवले होते. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

आणि तरीही याच दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, मोठेपणी बापाचे चरित्र लिहावयास घेतले व त्यासाठी आईला आठवणी लिहायला लावल्या. त्यांतूनच १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' भागाभागांनी बाहेर पडले. रुसलेले पोर असे परत येते, तेव्हा त्याला घरात काहीतरी सापडलेले असले पाहिजे.

काय सापडले असेल? टिळकांनी अभंग-ओवीच्या घाटात भजने लिहिली आणि ख्रिस्ताला माउली म्हटले. ज्ञानोबांना आणि विठाईला ज्या शब्दाने हाक मारायची, त्याच शब्दाने त्यांनी हा परका म्हणून हिणवला गेलेला देव घरात घेतला. राजापुढे मूल थिजते. आईपुढे ते मोकळेपणी रडते.

मुळात शुभवर्तमानातही हे बीज आहेच. मार्काने आपला ग्रंथ ग्रीक भाषेत लिहिला. पण येशू बारा वर्षांच्या मृत मुलीचा हात धरून तिला उठवतो, तिथे त्याच्या तोंडचे अरामी बोल मार्काने तसेच ठेवले आहेत. लेकराशी बोलताना बोली घरचीच हवी. पुढे अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू आपल्यावरचे संकट टळावे म्हणून विनवतो, तेव्हा देवाला तो 'अब्बा' म्हणतो. हाही शब्द अरामीच, घरात बापाला हाक मारण्याचा. आणि ते मागणे पुरे होत नाही.

माझ्या मते ख्रिस्ती सांत्वनाचे मर्म या न मिळालेल्या मागण्यात आहे. वाशीमकडच्या एका घरात स्कॉलरशिप हुकलेल्या नातीला तिची आजी समजावीत होती, ते मी ऐकले आहे. "पुढच्या वर्षी देव देईल" असे ती म्हणाली नाही. "बाई, त्यानंसुद्धा मागितलं होतं, अन् त्यालाही नाही मिळालं," एवढेच म्हणून ती पोरीच्या केसांतून हात फिरवीत राहिली.

मिळेल असे वचन दिले की पुढच्या निराशेची सोय होते. देवालाही हे दुःख ठाऊक आहे, एवढे कळले तर पोराला निदान एकट्याने रडावे लागत नाही. या श्रद्धेबाहेरच्या माणसालाही यातून घेण्यासारखे आहे: रडणाऱ्या मुलाला हसू नये, त्याला खोटे सांगू नये, आणि त्याच्याशी बोलायचे ते त्याच्याच बोलीत.