नट उठून गेल्यावर

‘थिएटर ऑफ वॉर’ या अमेरिकी संस्थेच्या प्रयोगाला नेपथ्य लागत नाही. एक लांब टेबल, काही खुर्च्या, माइक. नट रोजच्या कपड्यांत येतात, हातात संहिता. आपल्याकडचं अभिवाचनच म्हणा ना! वेगळेपण पुढे आहे. वाचन संपलं की नट उठतात आणि त्या जागी माजी सैनिक, सैनिकाची बायको, लष्करातले डॉक्टर असे लोक येऊन बसतात. मग श्रोतेही बोलू लागतात. खरा प्रयोग तो.

2007 मध्ये वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांची होणारी हेळसांड वर्तमानपत्रांतून उघड झाली. ग्रीक नाटकांचा अनुवादक-दिग्दर्शक ब्रायन डोरीस याला त्या बातम्यांत प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लिस दिसला. सोफोक्लिस स्वतः अथेन्सचा निवडून आलेला सेनापती. त्याच्या नाटकातला योद्धा एजॅक्स वरिष्ठांनी डावलल्याच्या अपमानाने भ्रमिष्ट होतो, आपलेच सेनानी समजून गुरं कापतो आणि भानावर आल्यावर तलवारीवर देह टाकतो. त्याला थोपवू पाहणारी त्याची जोडीदार टेक्मेसा हतबल होते.

2008 मध्ये सॅन दिएगोच्या एका हॉटेलात सुमारे 400 मरीन सैनिक आणि त्यांच्या जोडीदारांपुढे एजॅक्सच्या या कथेचं वाचन झालं. चर्चेसाठी 45 मिनिटं राखून ठेवली होती. ती तीन तासांवर गेली आणि शेवटी थांबवावी लागली. नौदलातल्या एका कमांडोची पत्नी उठून म्हणाली, की नवरा चार वेळा युद्धावर गेला आणि दर वेळी एजॅक्ससारखा न दिसणारी प्रेतं ओढत घरात आला. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या टेक्मेसाची व्यथा तिला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

2009 मध्ये डोरीसने फिलिस कॉफमन यांच्यासह संस्था उभी केली. त्याच वर्षी पेंटॅगॉनने 37 लाख डॉलर दिले आणि मंडळी लष्करी तळांवर फिरू लागली. पॉल जियामाटी, डेव्हिड स्ट्रॅथर्न असे नामवंत नट त्यात वाचायला बसले. पुढे विषय रुंदावले: 2016 मध्ये ‘अँटिगनी इन फर्ग्युसन’, 2020 च्या महासाथीत झूमवर ‘इडिपस’.

लष्कराच्या पैशावर युद्धाची जखम उघडी करायची, याला काही जण नाकं मुरडतील. मलाही आधी ते पटेना. सैनिकाचं दुःख मोकळं झालं की युद्धाचा जाब विचारायचा राहूनच जातो, ही शंका रास्तच आहे. मात्र पेंटॅगॉनने पैसे मोजले ते वरिष्ठांनी डावललेल्या सैनिकाच्या नाटकासाठी, हेही विसरता येत नाही.