चित्रांतले व्हेनिस

पाहण्यापूर्वीच ज्यांची ओळख झालेली असते अशा शहरांत व्हेनिसची गणना करावी लागेल. शेक्सपिअरने तेथील सावकार आणि सेनापती रंगभूमीवर आणले. तो स्वतः तेथे गेल्याचा मात्र पुरावा नाही. त्यांपैकी सेनापती देवलांच्या 'झुंझारराव' नाटकातून मराठी प्रेक्षकांपर्यंतही आला. कालवे तेवढे मागे राहिले!

घरच्या चित्रकारांचे व्हेनिस निराळे आहे. १५ व्या शतकाच्या अखेरीस कार्पाच्चोने एक चमत्कार चितारला. पवित्र क्रुसाच्या अवशेषाने एक भूतबाधा झालेला माणूस बरा होतो, हा त्याचा विषय. पण चमत्कार एका कोपऱ्यातील सज्जात उरकला आहे. उरलेल्या चित्रात रिआल्तोचा लाकडी पूल, धुराड्यांची दाटी, काठ्यांवर वाळत घातलेले कपडे आणि गोंडोला वल्हवणारा एक आफ्रिकी नावाडी! पुढे १५९१ साली तेथे दगडी पूल पुरा झाला.

अठराव्या शतकात कानालेत्तोची चित्रे इंग्रज उमरावांनी हौसेने विकत घेतली. त्यांतील पुष्कळशी मला थोडी कोरडी वाटतात. परंतु १७२५ च्या सुमाराचे त्याचे पाथरवटांच्या आवाराचे चित्र पाहावे. चर्चच्या बांधकामासाठी दगड घडवले जात आहेत, एक मूल पडले आहे, आई धावते आहे. येथे शहर राबताना दिसते.

१७९७ साली नेपोलियनने प्रजासत्ताक बुडवले आणि शहराचे चित्रण परक्यांच्या हाती गेले. बायरन १८१६ पासून तीनएक वर्षे तेथे राहिला. टर्नर तीनदा येऊन गेला आणि त्याच्या चित्रांत प्रासाद धुक्यात विरघळले. या मंडळींना व्हेनिसचे वैभव नव्हे, अवशेष हवे होते. रस्किनचे तसे नाही. त्यानेही शोकच केला, पण एकेक कमान मोजून. टोमास मानच्या १९१२ च्या कथेत अधिकारी पटकीची साथ प्रवाशांपासून दडवतात. सरकारी नोकरीत वावरलेल्या माणसाला कथेचा हा भाग विशेष खरा वाटतो! मात्र कपडे वाळत घालणारी माणसे या साहित्यात फारशी आढळत नाहीत. आज ती शहरातही विरळ झाली आहेत. १९५१ साली जुन्या शहराची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात होती. आता ती पन्नास हजारांहूनही कमी आहे.

कानालेत्तोच्या कोरडेपणाचा मात्र पुढे मोठा उपयोग झाला. चित्र रेखाटताना तो छायापेटीचे साहाय्य घेई आणि भिंतींवर शेवाळाची हिरवी रेघ जेथे असेल तेथेच काढी. या शतकाच्या आरंभी इटालियन शास्त्रज्ञांनी चित्रातील रेघ आजच्या रेघेशी ताडून पाहिली. ती सुमारे ६० सेंटिमीटर वर सरकली होती. याच चढत्या पाण्याने ४ नोव्हेंबर १९६६ रोजी १९४ सेंटिमीटरची पातळी गाठून शहर बुडवले. भरती फार चढली की खाजणाच्या मुखाशी २०२० पासून पोलादी दारे उचलली जातात.