मॉर्फिनच्या रजिस्टरची कुळकथा

मनोरला आमचं घर हायवेपासून हाकेच्या अंतरावर. या रस्त्यावरचे अपघात, तारापूर एमआयडीसीतले भाजलेले कामगार, गावपाड्यांतून उशिरा आलेले कॅन्सरचे पेशंट, हे सगळं बघतच माझी नर्सिंगची नोकरी संपली. नव्या मुलींना सलाईन लावायची भीती वाटत नाही, नार्कोटिकच्या रजिस्टरची वाटते. मग मी त्यांना या वहीची कुळकथा सांगायला बसते. ती सुरू होते दमणला.

मनोरहून गुजरातच्या दिशेनं हायवे धरला की दोनेक तासांत दमण येतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला माळव्याची अफू कंपनी सरकारला चुकवून कराचीमार्गे या पोर्तुगीज बंदरात यायची आणि इथून जहाजानं चीनकडे जायची. मुंबईतून जाणाऱ्या मालावर हात ठेवायचा म्हणून कंपनीनं 1830 च्या सुमारास परवाना पद्धत आणली. पेटीमागं 175 रुपये भरा आणि माल न्या. दमणचा रस्ता स्वस्त पडतो म्हटल्यावर 1835 मध्ये हा दर 125 वर आणावा लागला. 1843 मध्ये सिंध इंग्रजांकडे गेला, कराचीची वाट बंद झाली आणि दर पुन्हा चढले. पुढे 1878 च्या अफू कायद्यानं अफू बाळगणं, नेणं, विकणं, सगळंच परवान्याखाली आणलं. आवक, विक्री, शिल्लक हे रकाने तेव्हाचे. सरकारला काळजी होती ती महसुलाची. त्याच काळात मुंबईच्या गिरणगावात आया तान्ह्या पोरांना अफूची बाळगोळी चाटवून कामावर जात होत्या, त्याची नोंद ठेवावी असं कुणाला वाटलं नाही.

1925 च्या जिनिव्हा करारानंतर भारतात 1930 चा डेंजरस ड्रग्ज कायदा झाला आणि मॉर्फिन, कोकेन यांवर औषध म्हणून नियंत्रण आलं. दवाखान्यातलं दोन कुलपांचं कपाट याच वळणाचं. एक किल्ली एकीकडे, दुसरी दुसरीकडे, आणि पाळी बदलताना दोघींनी मिळून अँप्यूल मोजायचे. वहीत काय असतं? तारीख, वेळ, पेशंटचं नाव, केस पेपरचा नंबर, डॉक्टरांचं नाव, दिलेली मात्रा, टाकून दिलेली मात्रा, शिल्लक आणि दोन सह्या.

यातला टाकून दिलेल्याचा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. समजा अँप्यूल 15 मिलिग्रॅमचा आहे आणि डॉक्टरांनी 5 सांगितलेत. उरलेले 10 दुसऱ्या सिस्टरच्या डोळ्यांदेखत टाकायचे, तिथंच लिहायचं, तिथंच तिची सही घ्यायची. रिकामा अँप्यूल कचऱ्यात जात नाही, स्टोअरला परत जातो. तो दाखवल्यावर नवा मिळतो. खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला सही. व्हाइटनर दिसला की तपासणीला आलेला माणूस आधी त्याच पानावर थांबतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

मग 1985 आलं. 14 नोव्हेंबरपासून अंमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा लागू झाला. मॉर्फिनच्या गुन्ह्याला किमान 10 वर्षं सक्तमजुरी आणि 1 लाख रुपये दंड. हिशेबातली चूक आणि तस्करी यांत फरक करण्याची उसंत त्या कायद्याला नव्हती, निदान दवाखान्यांनी त्याचा अर्थ तसाच घेतला. अनेक राज्यांत एका औषधासाठी चार-चार परवाने लागायचे, आणि सगळे एकाच वेळी चालू असले तरच माल मिळायचा. दुर्दैव असं की पुढच्याच वर्षी, 1986 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या वेदनांसाठी तोंडानं घ्यायच्या मॉर्फिनची शिफारस केली आणि आपल्याकडे वांद्र्याला कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटसाठी शांती आवेदना सदन सुरू झालं. अफू पिकवणाऱ्या या देशात मॉर्फिनचा वैद्यकीय वापर मात्र बारा वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. 1997 मध्ये तो 18 किलोंवर आला होता. साठा ठेवला तर भानगड, त्यापेक्षा नकोच, हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. पेशंटला पॅरासिटामॉल मिळायचं आणि घरी पाठवलं जायचं.

वेदनाशमनाचं काम करणारे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा 2014 मध्ये कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोनसकट सहा औषधं अत्यावश्यक ठरली आणि परवान्यांच्या चळतीऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरू लागली. त्याच वर्षी 1 मार्चपासून मेडिकल दुकानांत शेड्यूल एच-वनची वेगळी वही आली. ट्रॅमाडोल किंवा डायझेपाम दिलं तर डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या लिहायची, वही 3 वर्षं जपायची.

कायदा सैल झाला, भीती मात्र अजून पुरती गेलेली नाही. या वहीत पेशंटला आराम पडला का, हे विचारणारा रकाना आमच्या वेळी नव्हता; महसुलाच्या वहीतून जन्मलेल्या कागदात तो कुठून असणार? तो केस पेपरवर लिहावा लागतो, आणि मुलींनो, तो लिहाच. बाकी सांगणं एवढंच की उरलेलं औषध टाकल्याची सही त्याच मिनिटाला घ्या. चहा नंतर.