चित्रा व्हॉल्व्हचं कूळ

हृदयाची झडप वर्षाला जवळजवळ चार कोटी वेळा उघडते आणि मिटते. तिच्या जागी माणसाने घडवलेली वस्तू बसवायची, तर ती झिजता कामा नये, तिच्यावर रक्ताच्या गुठळ्या धरता कामा नयेत. तिरुवनंतपुरमच्या लोकांनी यात आणखी एक अट घातली: ज्याला ती हवी आहे, त्याला ती परवडली पाहिजे.

त्यांनी बनवलेल्या या चित्रा व्हॉल्व्हची मुळं वॉशिंग्टनपर्यंत जातात. १९५२ साली तिथल्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या रुग्णालयात चार्ल्स हफनागल यांनी एका रुग्णाला पिंजऱ्यात चेंडू असलेली झडप बसवली. हार्ट-लंग मशीन अजून माणसावर यशस्वी झालं नव्हतं, म्हणून ती हृदयात न बसवता पुढे खाली जाणाऱ्या महाधमनीत बसवली. तिची टकटक शेजारी बसलेल्यालाही ऐकू यायची. १९६० साली पोर्टलंडमध्ये अल्बर्ट स्टार आणि निवृत्त इंजिनिअर लोवेल एडवर्ड्स यांनी तसलीच झडप थेट हृदयात, डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेच्या जागी बसवली. एडवर्ड्सना खरं तर अख्खं हृदय बनवायचं होतं. आधी एक झडप तर करू, असं स्टार यांनी सुचवलं. पुढे चेंडू जाऊन कलणारी चकती आली.

अमेरिकेत हफनागल यांच्याकडे शिकलेले डॉ. एम. एस. वलियाथन सत्तरच्या दशकात तिरुवनंतपुरमला श्री चित्रा संस्थेत आले. समोर रांग होती ती ऱ्हुमॅटिक तापाने झडपा खराब झालेल्यांची. लहानपणी घसा सुजतो, मग ताप येतो, सांधे दुखतात. सगळं बरं झाल्यासारखं वाटतं आणि काही वर्षांनी जिना चढताना धाप लागते. हा रोग दाटीवाटीच्या, गरीब वस्त्यांत जास्त. परदेशी झडपेची किंमत या घरांच्या आवाक्याबाहेरची होती.

झडप इथेच बनवायची ठरलं आणि अपयशाची मालिका सुरू झाली. एकामागून एक तीन नमुने बाद झाले. कृत्रिम नीलमण्याची चकतीही करून पाहिली. इतका कठीण पदार्थ, पण तोही तडकला. संस्थेतल्या डॉ. जी. एस. भुवनेश्वर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौथ्या वेळी उलटा विचार केला. चकती अतिशय चिवट पॉलिएथिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच, केली आणि तिला धरणारा सांगाडा कोबाल्टच्या मिश्रधातूच्या एकाच ठोकळ्यातून कोरून काढला. त्यात जोड नाही, वेल्डिंग नाही. याचं मोल कळायला ब्यॉर्क-शायली झडपेची हकीकत आठवावी: तिच्या एका प्रकारात वेल्ड केलेली दांडी तुटून माणसं दगावली आणि १९८६ साली तो प्रकार बाजारातून काढून घ्यावा लागला. प्लास्टिकच्या चकतीमुळे आवाजही कमी झाला. रात्री उशीवर डोकं टेकल्यावर स्वतःच्या छातीतली टिकटिक ऐकत पडणाऱ्याला ही गोष्ट छोटी वाटत नाही.

६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप पहिल्यांदा रुग्णाला बसवली. मग देशातल्या सहा केंद्रांत ३०६ रुग्णांवर चाचणी झाली, आणि आपल्या स्वयंपाकघरातला प्रेस्टिजचा कुकर बनवणाऱ्या टीटीके समूहाने तिचं उत्पादन हाती घेतलं. आजवर एक लाखाहून जास्त चित्रा झडपा बसवल्या गेल्या आहेत.

त्या चाचणीतल्या रुग्णांची एकच झडप बदलली होती. ऑपरेशन टेबलावर मात्र दोन झडपा गेलेली, हृदय फुगलेलं, ठोके अनियमित झालेली माणसंही येतात. साठी उलटलेल्याला झडपेबरोबर बायपासही करावी लागते. हृदय जास्त वेळ थांबवून ठेवावं लागतं आणि धोका वाढतो. अशा वयात बरेच सर्जन प्राण्याच्या ऊतीची झडप निवडतात. ती काही वर्षांनी झिजते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागत नाही.

चित्रा बसवलेल्याला ती गोळी चुकत नाही. गोळी कमी पडली तर चकतीवर गुठळी धरते, जास्त झाली तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. तरुण बाईला दिवस गेले, तर तीच गोळी पोटातल्या बाळाला बाधू शकते. म्हणून आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची, तपासणी नियमित लागते, आणि तिच्यासाठी खेड्यातल्या माणसाला मजुरी बुडवून तालुक्याला जावं लागतं. वलियाथन आणि भुवनेश्वर यांनी झडप स्वस्त केली. आता ही तपासणीही प्राथमिक आरोग्य केंद्रात, बोटाच्या एका थेंबावर झाली पाहिजे. तशी यंत्रं उपलब्ध आहेत.